नाव टिकावे म्हणून : स्मृतिशिळांच्या निगेची प्रस्तावना

माणूस गेला की त्याची आठवण दगडात ठेवायची, ही रीत जगभर आहे. लाकूड कुजते, कागद वाळवी खाते, दगड मात्र राहील, असा त्यामागचा भरवसा. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर या भरवशाची दर वर्षी परीक्षा होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन-अडीच मीटर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून खारा वारा येत राहतो. सफाळ्याहून केळव्याकडे जाताना लागणारे माकुणसार असो, पुढचे माहीम-शिरगाव असो की उत्तरेकडचे बोईसर, तारापूर, चिंचणी असो, इथल्या घरात दाराची कडी, खिडकीचे गज आणि छपराचा पत्रा किती लवकर गंजतो हे कुणाला सांगावे लागत नाही. दगडही याच हवेत उभा आहे. तोही झिजतो. फक्त त्याची झीज एका माणसाच्या आयुष्यात नजरेत भरत नाही, म्हणून तो झिजतच नाही असे आपण धरून चालतो.

ही पुस्तिका त्या गैरसमजाविरुद्ध आहे. कबरीवरचे दगड, वीरगळ, सतीशिळा, समाध्या यांना ऊन, पाऊस, मीठ, शेवाळ आणि झाडांची मुळे यांपासून कसे वाचवायचे, हा तिचा विषय. ती पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली नाही. ज्यांच्या आवारात, शिवेवर, पॅरिशच्या किंवा मशिदीच्या जागेत असा दगड उभा आहे आणि ज्यांना त्याचे काहीतरी करावे असे मनापासून वाटते, त्यांच्यासाठी ती आहे. मनापासून वाटणे ही पहिली अट. पण तेवढ्यावर दगड वाचत नाही. उलट मनापासून, घाईने आणि एकाच दिवसात केलेल्या सफाईने जितके कोरीवकाम पुसले गेले आहे तितके कित्येक पावसाळ्यांनीही पुसले नसेल. म्हणून ब्रश हाती घेण्याआधी ही चार पाने वाचावीत, अशी विनंती आहे.

कोणते दगड?

आपल्या भागातल्या स्मृतिशिळा एका जातीच्या, एका धर्माच्या किंवा एका काळाच्या नाहीत. सर्वांत जुने वीरगळ. लढाईत, गुरे सोडवताना किंवा गाव राखताना पडलेल्या वीराचा हा दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांनी वीराला वर नेणे, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, अशी त्याची साधारण मांडणी असते. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यांवर वल्ही मारणाऱ्या गलबतांचा आरमारी संग्राम कोरलेला आहे आणि शिलाहारांच्या अखेरच्या काळातल्या सागरी लढाईशी अनेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दाखवणाऱ्या सतीशिळाही याच कुळातल्या.

यातली गोम अशी की बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. वीर कोण, गाव कोणते, साल कोणते, काहीच लिहिलेले नसते. त्याची तलवार, त्याचा घोडा, त्याच्या शेजारी पडलेला माणूस एवढीच त्याची ओळख. अक्षर झिजले तरी जुन्या नकलेवरून ते परत जुळवता येते. अक्षरच नसलेल्या दगडाची आकृती झिजली की तो माणूस दुसऱ्यांदा जातो, आणि या वेळी कायमचा. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर पडले, हे आपल्याला कागदपत्रांतून ठाऊक आहे. त्याच तटाखाली पडलेल्या साध्या शिपायांची नावे सांगणारे फारसे कुणी नाही. ज्यांच्या वाट्याला कागद आला नाही, त्यांच्यासाठी दगड हाच एकमेव दाखला असतो.

वीरगळांनंतर येतात पोर्तुगीज काळातले कबरीचे दगड. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यातल्या चर्चच्या फरशीत अनेकांना पुरले गेले. फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या अवशेषांत आजही जमिनीत बसवलेले असे दगड दिसतात, काहींवर कुलचिन्हे, काहींवर पोर्तुगीज ओळी. हे दगड छपराखाली राहण्यासाठी घडवले होते. छप्पर गेले आणि घराच्या आतली फरशी अंगणात आली. वर पाऊस, मध्ये गवत आणि त्यावरून चालणारे आपण, असा तिहेरी मार ते सोसत आहेत.

मग आपल्या अगदी जवळचे दगड. वसईच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या मराठी कबरी, जिथे दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फुले आणि मेणबत्त्या घेऊन घराघरांतली माणसे येतात. किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांची कब्रस्ताने, जिथे शब-ए-बारातच्या आधी झाडलोट होते. गोसाव्यांच्या आणि साधुपुरुषांच्या समाध्या. आणि खाली रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या कबरी, ज्यांच्यावर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी नांदते. या सगळ्यांचा देव वेगळा, विधी वेगळा. दगडाचे दुखणे मात्र एकच, म्हणून उपायही बहुतांशी एकच.

दगड कशाने झिजतो?

सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या आणि थंड झालेल्या लाव्हाचा दगड. तो कठीण आहे, पण एकसारखा नाही. घट्ट, बारीक पोताचा थर शेकडो वर्षे कोर धरून ठेवतो. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला थर पाणी पितो आणि लवकर भुगा होतो. अलीकडच्या कबरींवरचा संगमरवर दिसायला देखणा, पण मुळात ते चुन्याचेच खनिज. कोणत्याही आम्लात तो विरघळतो. तेव्हा निगेचा पहिला प्रश्न हा की आपल्यासमोर कोणता दगड आहे. बेसाल्टला चालणारी गोष्ट संगमरवराला चालेलच असे नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पावसाचे पाणी वरून येऊन निथळून गेले तर दगडाला फारसा त्रास नाही. त्रास होतो तो साचलेल्या आणि जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याने. दगडाच्या बुंध्याशी माती चढली, फरशी बसवली किंवा सिमेंटचा कट्टा बांधला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ते दगडातून वर चढते, पृष्ठभागावर येऊन सुकते आणि आपल्यासोबत आणलेले क्षार तिथेच सोडते.

आपल्या किनाऱ्यावर हा क्षार म्हणजे मुख्यतः साधे मीठ. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि विरघळते. आर्द्रता त्याखाली उतरली की त्याचे पुन्हा स्फटिक बनतात. समुद्राकाठी हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे दव आणि दुपारी कोरडे ऊन असते. म्हणजे ही उलाढाल एकाच दिवसात घडू शकते. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत स्फटिक वाढतो तेव्हा तो भिंतींवर दाब देतो. असे हजारो वेळा झाले की वरचा पापुद्रा सुटतो. आणि कोरीवकाम असते ते नेमके त्या वरच्या पापुद्र्यातच. वीराचा चेहरा, सतीच्या हातातल्या बांगड्या, अक्षरांच्या काठांची धार या गोष्टी दगडाच्या आधी जातात त्या यामुळे.

तिसरे, जिवंत वाढ. हिरवे आणि काळे डाग हे बहुधा शेवाळाचे आणि नील-हरित सूक्ष्मजीवांचे असतात. ओल आणि सावली मिळेल तिथे ते येतात आणि उन्हाळ्यात सुकून काळ्या पुटासारखे राहतात. ते कुरूप दिसतात, पण त्यांचे नुकसान मर्यादित असते. त्यांच्या जागी जाड मखमली मॉस आले की ते ओल धरून ठेवते, त्यात माती जमते आणि त्या मातीत बी रुजते. दगडफूल हा त्याहून वेगळा जीव. आपल्या मसाल्यात ते पडते म्हणून नाव परिचयाचे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून ते बनते. त्याचे तंतू दगडात काही मिलिमीटरपर्यंत शिरतात, ओले झाले की फुगतात, सुकले की आकसतात आणि ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये सोडतात. म्हणून दगडफूल खरवडून काढणे हा सर्वांत वाईट उपाय. ते एकटे निघत नाही, दगडाचे कण घेऊन निघते.

दगडफुलाकडे शत्रू म्हणूनच पाहू नये, यालाही कारण आहे. १८६६ मध्ये नायलांडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅरिसच्या एका बागेत पाहिले की शहराच्या धुरात दगडफुले नाहीशी होतात. तेव्हापासून ती स्वच्छ हवेची खूण मानली जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरचा औद्योगिक पट्टा देशातल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत सर्वांत वर होता. त्या पट्ट्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाने आपल्या गावच्या जुन्या दगडावर दगडफूल आहे की नाही, हे पाहून ठेवण्यासारखे आहे. नायलांडरनंतर, १९५० च्या सुमारास, रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने साल कोरलेल्या कबरींवरच्या दगडफुलांचा घेर मोजला. दगड किती वर्षांचा आणि त्यावरचे दगडफूल किती रुंद, या हिशेबातून त्याच्या वाढीचा वेग निघाला आणि त्यावरून हिमनद्यांनी मागे सोडलेल्या दगडांचे वय काढता येऊ लागले. कबरीवरचे एक साल हिमनद्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडले. खरवडण्याआधी थांबावे, ते अशासाठी.

चौथे, झाडे. वड, पिंपळ आणि उंबर यांची बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भेगेत पडते. ऑक्टोबरमध्ये बोटाएवढे दिसणारे रोप दहा वर्षांत दगड उचलून फेकते. पिंपळ तोडायला हात धजत नाही, ही भावना खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. उपाय सोपा आहे. रोप लहान असतानाच ओल्या मातीतून सबंध मुळासकट काढावे आणि मोकळ्या जागी लावावे. मूळ जाड झाल्यावर मात्र ओढू नये. सोबत दगड निसटतो. ते कापावे, पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा कापावे आणि मोठ्या मुळाचा निर्णय जाणकारावर सोपवावा.

पाचवे, आग. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत आपल्या भागात जुनी आहे आणि वाळलेले गवत जाळून टाकण्याची सवयही. दगडाला लागून आग पेटली की वरचा थर तापून फुगतो, आतला थंड राहतो आणि टवके उडतात. घाणेरी आणि रानमोडीचे रान वाढले असेल तर ते कोयत्याने कापावे. जाळू नये.

माणसाचे हात

इथवर निसर्गाचे झाले. त्याहून अवघड भाग आपल्या हातांचा आहे.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, छिन्नी, बाथरूमचे अ‍ॅसिड, ब्लीचिंग, कपड्यांची पावडर, उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा या सगळ्यांनी दगड एका तासात उजळतो, म्हणूनच त्यांचा मोह होतो. तारेचे कण दगडात अडकून गंजतात आणि तांबूस डाग सोडतात. अ‍ॅसिड संगमरवर खाते आणि बेसाल्टमधल्या लोहाचे पिवळट डाग बाहेर काढते. ब्लीच आणि धुण्याची पावडर मागे क्षार ठेवतात, म्हणजे समुद्राने जे करायचे ते आपणच करून देतो. दाबाचे पाणी सैल कण उडवते आणि ओल खोलवर नेते. उजळलेला दगड म्हणजे बहुतेक वेळा आपली वरची कातडी गमावलेला दगड.

तेलरंग, वॉर्निश आणि ‘वॉटरप्रूफ’ लेप यांचेही तसेच. बाहेरचे पाणी थोडे थांबते, पण जमिनीतून चढलेले आत कोंडते आणि लेपासकट पापुद्रा सोडवते. सिमेंट तर दगडाहून घट्ट आणि क्षार बाळगणारे. दोन तुकडे जोडायला, बुंधा पक्का करायला ते वापरले की पुढची फूट सिमेंटमध्ये पडत नाही, दगडात पडते. आपल्या जुन्या बांधकामांत चुना वापरला जात असे. तो मऊ असतो, ओल बाहेर सोडतो आणि गरज पडली तर दगड न दुखवता काढता येतो. हे तीन गुण ज्यात नाहीत ते सामान जुन्या दगडाजवळ नेऊ नये.

चांगल्या हेतूने संरक्षक थर काढून टाकल्याचे सर्वांत मोठे उदाहरण गोव्यात आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले. भिंती जांभ्या दगडाच्या, तर दर्शनी भागातला कोरीव दगड आपल्या वसईहून नेलेला. बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, तो गिलावा उतरवला गेला. तेव्हापासून सच्छिद्र जांभा पावसात उघडा पडला आहे आणि त्याच्या झिजेची चिंता आजही सुरू आहे. गिलावा हा त्या भिंतीचा मळ नव्हता, ते तिचे अंग होते. जुन्या वस्तूवरून काय काढायचे हे ठरवताना ही गोष्ट आठवावी.

शेंदराचा प्रश्न मात्र केवळ दगडाचा नाही. कित्येक वीरगळ आज गावदेव म्हणून पूजले जातात आणि तेलात कालवलेल्या शेंदराची पुटे त्यांवर चढलेली असतात. आकृती त्याखाली झाकली जाते हे खरे; पण ती पूजाच त्या दगडाला आजवर जागेवर ठेवत आली, हेही तितकेच खरे. पूजेत नसलेला वीरगळ पायरीला किंवा बांधाला लागला, अशी उदाहरणे महाराष्ट्रभर आहेत. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढण्यात आला आणि त्याखालचे मूळ रूप भाविकांसमोर आले. पण ते काम देवस्थानाच्या निर्णयाने, धार्मिक विधी सांभाळून आणि तज्ज्ञांच्या हातून झाले. गावातल्या शेंदरी दगडाबाबतही क्रम हाच असावा. आधी पूजा करणाऱ्यांशी बोलणे, मग जाणकाराला विचारणे. बाहेरून आलेल्या उत्साही मंडळींनी परस्पर शेंदूर खरवडू नये. निदान नवा शेंदूर कोरीव भागाऐवजी दगडाच्या माथ्यावर किंवा पुढ्यातल्या वेगळ्या दगडावर लावावा, एवढे मान्य झाले तरी मोठे काम होते.

मग करायचे काय?

उत्तर नवे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ मध्ये सुरू झाली. जॉन मार्शल यांची जतनकामाची नियमपुस्तिका १९२३ मध्ये निघाली आणि जुन्याचे नूतनीकरण करू नये, आहे ते सांभाळावे, हा विचार तिच्या मुळाशी होता. १९१७ मध्येच, पहिल्या महायुद्धाच्या काळात, युद्धात पडलेल्यांच्या कबरी कायम राखण्यासाठी एक आयोग स्थापन झाला. आज तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानात त्याचे काम पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. तिथली रांग, हिरवळ आणि वाचता येणारे प्रत्येक नाव पाहून आपल्याला वाटते की यामागे मोठा पैसा असेल. पैसा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे काम थांबत नाही. वर्षातून एकदा जाऊन सगळे घासून काढण्याची वेळ तिथे येत नाही, कारण थोडेथोडे काम वर्षभर चालते.

या पुस्तिकेचे सगळे सांगणे याच एका गोष्टीवर उभे आहे. दगड मोहिमेने वाचत नाही, नेमाने वाचतो. म्हणून पुढील प्रकरणे साधनांनुसार न मांडता आपल्या ऋतूंनुसार मांडली आहेत.

मृगाच्या आधी, मे अखेर, दगडाला हात लावायचा नाही, जमिनीला लावायचा. बुंध्याशी चढलेली माती हलक्या हाताने मागे घ्यायची, पाणी उताराने बाहेर जाईल अशी चर काढायची, वरच्या फांद्यांपैकी थेट ठिबकणाऱ्या तेवढ्या छाटायच्या. पडका किंवा पोपडे सुटलेला दगड असेल तर त्यावर झावळ्यांचे झाप उभारायचे. कोकणात आणि गोव्यात घरांच्या भिंती पावसापासून अशाच राखत. झाप दगडाला टेकवायचे नाहीत. मधून वारा खेळला पाहिजे.

पावसाळ्यात फक्त पाहायचे. पाणी कुठे साचते, कुठून वाहते, शेवाळ आधी कुठे धरते, याचे मोबाइलवर फोटो घ्यायचे. दुखण्याचे कारण या चार महिन्यांतच दिसते. दिवाळीत गेलेल्या माणसाला केवळ परिणाम दिसतो.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वाढ अजून मऊ असताना सफाई करायची. साधने इतकीच: गोडे पाणी, मऊ केसांचा ब्रश, बांबूची किंवा लाकडाची पट्टी, स्पंज. गोडे पाणी हा शब्द इथे काटेकोरपणे घ्यावा. किनाऱ्यावरच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते आणि त्याने दगड धुणे म्हणजे त्याला मीठ पाजणे. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम. आधी एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागी करून पाहायचे. दगड पूर्ण भिजवायचा, मग खालून वर जात हलक्या हाताने घासायचे आणि लगेच धुवायचे, म्हणजे मळलेले ओघळ कोरड्या दगडावर डाग पाडत नाहीत. मॉस बोटांनी आणि पट्टीने उचलायचे. दगडफूल राहू द्यायचे. ब्रशला दगडाची पूड लागली, पाणी काळपट दिसू लागले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तिथेच थांबायचे. डाग उरला तर उरू द्यावा. नाव वाचता आले, आकृती ओळखता आली, की सफाई पुरी झाली. शेवाळ मारणारी रसायने जतनतज्ज्ञ वापरतात, पण दगड तपासून आणि मात्रा ठरवून. ती घरगुती प्रयोगाची गोष्ट नव्हे.

पडलेला दगड उभा करण्याची घाईही नको. बेसाल्टचा दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि पाव मीटर जाड दगड साडेपाचशे किलोंच्या आसपास भरतो. तो हातांवर पेलवत नाही. त्याखाली माणसाचा पाय चिरडू शकतो आणि पडला तर दोन तुकडे होतात. जमिनीवर सुरक्षित पडलेला दगड चुकीच्या पद्धतीने उभा केलेल्या दगडापेक्षा बरा.

ब्रशच्या आधी वही

सगळ्या प्रकरणांच्या आधी नोंदीचे प्रकरण ठेवले आहे, ते मुद्दाम. १८७६ मध्ये जे. गर्सन द कुन्हा या मुंबईतल्या मूळ गोवेकर डॉक्टरांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी वसईतले लेख नोंदवून ठेवले. दगड पुढे झिजत राहिला तरी त्या ओळी छापील पानावर राहिल्या. अलिबागजवळच्या अक्षीचा गधेगाळ, म्हणजे शापवाणी कोरलेला दगड, ज्यावरचा मराठी लेख शके ९३४ चा मानला जातो, कित्येक वर्षे रस्त्याकडेला उघड्यावर होता. त्याचे वाचन अभ्यासकांनी वेळेत केले म्हणून मराठीच्या आद्य लेखांच्या चर्चेत त्याला जागा मिळाली. दगड वाचवणे आपल्या हाती पूर्णपणे नसते. त्याने काय सांगितले ते लिहून घेणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती असते.

नोंद म्हणजे एक पान. जागा, दगडाची उंची-रुंदी-जाडी, दगड कशाचा, तोंड कोणत्या दिशेला, वर काय कोरले आहे, कोण पूजते किंवा कुणाच्या घरची कबर आहे, गावात त्याला काय म्हणतात आणि आज त्याची स्थिती काय. सोबत चारही बाजूंचे फोटो, त्यांत मोजपट्टी ठेवून. झिजलेली अक्षरे दिसावीत म्हणून पीठ, खडू किंवा राख चोळू नये. पिठावर बुरशी येते आणि खडू भेगांत बसतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री एका बाजूने टॉर्च धरून फोटो घेतला की दुपारी न दिसणारी ओळ उठून दिसते. दर वर्षी त्याच जागेवरून तोच फोटो घेतला की पाच वर्षांत झीज मोजता येते. म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवलेले दोन शब्द तर कोणत्याही उपकरणाने मिळत नाहीत.

हक्क आणि परवानगी यांविषयीही स्पष्ट असावे. वसईच्या किल्ल्यासारखे केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर तिथे गवताखेरीज कशालाही परस्पर हात लावू नये आणि गवतासाठीही विचारून जावे. १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, अशा स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य-संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. जे दगड कोणत्याच यादीत नाहीत, तेही बेवारस नसतात. ग्रामपंचायत, पॅरिश, मशिदीचे विश्वस्त, देवस्थान, घरातली वडीलधारी माणसे यांच्यापैकी कुणाचा तरी त्यांच्यावर हक्क असतो. त्यांना विचारणे हा शिष्टाचार तर आहेच, पण ते निगेचे पहिले पाऊलही आहे. ज्यांना विचारले जाते तेच पुढे राखण करतात.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. जिल्हा नवा आहे, त्याची माती आणि त्यातले दगड जुने आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या स्मृतिशिळांची एक वही ठेवावी, ती शाळेत असावी आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर वरच्या वर्गातल्या मुलांनी तिच्यात नवे पान लिहावे, अशी माझी इच्छा आहे. याला निधी लागत नाही आणि आदेशाची वाट पाहावी लागत नाही. कोणाच्या कबरीला कोणी हात लावायचा, हा वाद दुसऱ्याच्या मृतांची नोंद आदराने करणाऱ्या मुलांपुढे टिकत नाही, यावर माझा विश्वास आहे. वीरगळाचे माप घेणारी मुलगी ख्रिस्ती असेल, कब्रस्तानातली नोंद लिहिणारा मुलगा वाडवळ समाजातला असेल, आणि या किनाऱ्याचा इतिहास त्यांना पाठ्यपुस्तकाच्या आधी दगडावरून कळेल.

ज्यांनी हे दगड उभे केले त्यांनी आपल्यावर एवढाच भार टाकला होता की नाव विसरू नये. तो भार पेलायला फार मोठे ज्ञान लागत नाही. संयम लागतो, गोडे पाणी लागते आणि दर वर्षी परत यावे लागते. आपल्या गावातला एक दगड निवडा, त्याच्या माणसांना विचारा, त्याचे पहिले पान लिहा आणि येत्या मृगाआधी त्याच्या बुंध्याशी साचणारे पाणी वाटेला लावा. ब्रशचे काम त्यानंतरचे.